करारावर नाव कुणाचं?

‘फॅमिली की बॅचलर?’

पवईत भाड्याने जागा शोधायला पहिला फोन लावा, पलीकडून पहिला प्रश्न हाच येईल. भाडं किती, मजला कुठला, पाणी किती वेळ, हे सगळं नंतर. आणि ‘बॅचलर’ म्हणजे फक्त मुलगे असं समजू नका. एजंटांच्या भाषेत ‘गर्ल्स बॅचलर’ असतात, ‘वर्किंग बॅचलर’ असतात आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ‘स्टुडंट बॅचलर’ असतात. म्हणजे तुम्ही. तुमच्यापैकी कुणी परभणीहून आलेलं असेल, कुणी जळगावहून, कुणी अगदी कल्याण-बदलापूरहून रोजच्या लोकलला कंटाळून. घरी आईबाबांना सांगताना ‘पवईला राहतो’ म्हटलं की जरा भारी वाटतं. तलाव आहे, रुंद रस्ते आहेत, झाडं आहेत, रोमन खांबांच्या उंच बिल्डिंगा आहेत. रात्री अकराला गॅलरियात कॉफी प्यायला गेलं तरी रस्त्यावर माणसं असतात. मुंबईत सुरक्षित आणि मोकळं वाटावं अशा जागा किती आहेत? त्यामुळे ओढ वाटते यात काही चूक नाही. उगाच ‘तरुणांना शोबाजी हवी’ वगैरे उपदेश या पानावर आम्ही करणार नाही.

पण त्या ओढीचा हिशेब मांडायला हवा. समजा, टू बीएचके मिळाला. भाडं साठ हजार, डिपॉझिट तीन लाख, एजंटला एका महिन्याचं भाडं. आकडे समजुतीपुरते आहेत, बिल्डिंग बदलली की बदलतील. चौघांनी मिळून घेतला तर डोक्यामागे पंधरा हजार भाडं, पंच्याहत्तर हजार डिपॉझिट आणि पंधरा हजार दलाली. म्हणजे त्या घरात पहिली रात्र झोपायच्या आधी प्रत्येकाचे एक लाख पाच हजार गेले. गाद्या, बादल्या, कुकर वेगळे. हे पैसे कुठून येतात? बहुतेक वेळा घरून. कुणाच्या बाबांनी एफडी मोडलेली असते, कुणाच्या दादाने पगारातून उचल घेतलेली असते. आणि मग करार करायची वेळ आली की एजंट सहज म्हणतो, ‘चौघांची नावं कशाला टाकताय? एकाचं टाका, बाकीचे गेस्ट म्हणून राहा. ओनरला पण सोपं, तुम्हाला पण सोपं.’

इथेच सगळे फसतात.

कारण त्या एका वाक्याने चौघांपैकी तिघं कागदावरून नाहीशी होतात. वर्षभर भाडं भरतात, वीजबिल भरतात, मावशींचा पगार देतात, पण कागदोपत्री त्या घरात राहतच नाहीत. पुढे काय होतं ते बघा. ज्याचं नाव करारावर आहे त्याला बंगळुरूला नोकरी लागते. तो एक महिन्याची नोटीस देऊन मोकळा. मालक म्हणतो, माझा करार त्याच्याशी होता, तुम्ही कोण? डिपॉझिट परत द्यायचं तर ते करारातल्या माणसाच्या खात्यात जाणार. तो मित्र चांगला असेल तर ठीक, नसेल तर तुमचे पंच्याहत्तर हजार आता तुमच्या मैत्रीच्या भरवशावर. आणि मैत्री चांगली असली तरी भानगड होतेच. भिंतीला रंग लावायचे म्हणून मालकाने पन्नास हजार कापले, तर ते कुणी किती सोसायचे? ज्याच्या खोलीत डाग होता त्याने, की सगळ्यांनी समान? दोन वर्षं एका ताटात जेवलेली मुलं या एका प्रश्नावर एकमेकांना ब्लॉक करतात.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण याबाबत कॉलेजच्या कट्ट्यावर भयंकर गैरसमज आहेत. पहिला गैरसमज अकरा महिन्यांचा. ‘अकरा महिन्यांचा करार असेल तर रजिस्टर करावा लागत नाही,’ असं तुम्हाला दहातले नऊ जण सांगतील. याचं मूळ १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. ती देशभर रुळली. पण महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बुजली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्यातलं कलम ५५. लीव्ह अँड लायसन्सचा कुठलाही करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे असा नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. त्याविरुद्ध सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर.

छान आहे ना? पण हुरळून जाऊ नका. हे सगळं कोर्टात. विद्यार्थ्याला कोर्टात जायला ना वेळ असतो, ना पैसा, ना घरच्यांची परवानगी. म्हणून कायद्याचा खरा उपयोग करार करायच्या आधी, मालकाशी बोलताना करायचा.

मालक का टाळतो नोंदणी? कधी कर चुकवायला, हे उघड आहे. पण बऱ्याचदा नुसत्या आळसाने आणि भीतीने. ही भीती जुनी आहे. मुंबईत पागडीच्या घरांचा इतिहास ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या मनात ‘भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही’ हे पक्कं बसलंय. साठी-सत्तरीतल्या मालकांशी बोलताना हे लक्षात ठेवा, त्यांच्यावर चिडू नका. उलट त्यांना याच कायद्यातलं कलम २४ सांगा. मुदत संपल्यावर लायसन्सधारक घर सोडत नसेल, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम वसूल करू शकतो. त्यासाठी लेखी करार हाच त्याच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा. म्हणजे नोंदवलेला करार मालकाचंच संरक्षण करतो. ‘काका, हे तुमच्याच फायद्याचं आहे,’ असं म्हणून बोलणं सुरू केलं तर निम्मी लढाई तिथेच संपते.

उरला खर्च. वरचंच उदाहरण घ्या. साठ हजार भाडं, तीन लाख डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी होणारं वार्षिक व्याज मिळवून, ०.२५ टक्के. साधारण सतराशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. दोन्ही मिळून सत्तावीसशेच्या आसपास, चौघांत वाटले तर डोक्यामागे सातशेही नाहीत. करार ऑनलाइन नोंदवता येतो. आधार क्रमांक लागतो, आणि बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. त्याची फी वेगळी, तिथे जरा घासाघीस करा. पण साठ हजार दलाली विनातक्रार देणारी मुलं सातशे रुपये वाचवायला आपलं नाव कागदावरून काढून टाकतात, हे गणित काही पटत नाही.

चारही नावं टाकली की जबाबदारीही चौघांवर येते, हे लपवून चालणार नाही. करारात बहुधा सगळ्यांना मिळून बांधलेलं असतं. एकाने भाडं थकवलं तर मालक इतर तिघांकडे बोट दाखवू शकतो. मधेच एक जण सोडून गेला आणि नवा आला, तर कागद नव्याने करावा लागतो, पुन्हा खर्च. ही कटकट आहेच. तरी ती पत्करावी असं आमचं मत. निदान इतकं तरी करा: प्रत्येकाने आपल्या वाट्याचं डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात भरायचं, मित्राच्या नाही. कुणी किती भरलं याची रक्कम करारात लिहून घ्यायची. आणि ताबा घेताना प्रत्येक खोलीचा, बाथरूमच्या नळांचा, किचन ओट्याच्या कडेचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवायचा. ‘हा डाग आधीपासून होता’ हे अकरा महिन्यांनी सांगून कुणी ऐकत नाही. आणि जागा प्रत्यक्ष न बघता, मालकाच्या नावाचं सोसायटीचं बिल किंवा इंडेक्स टू न पाहता ‘टोकन’ म्हणून कुणाला एक रुपयाही पाठवू नका.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चौघांनी मिळून मोठा फ्लॅट का घ्यावा लागतो? एका-दोघांना पुरेल, परवडेल असं लहान घर पवईत का सापडत नाही? याचं उत्तर ‘मार्केट आहे, काय करणार’ इतकं सोपं नाही. इथे थोडा इतिहास माहीत असायला हवा, आणि तो तुमच्या रोजच्या रस्त्याचा आहे.

पवई तलाव १८९१चा. आयआयटी आली १९५८ साली. पुढची कित्येक वर्षं आजूबाजूला टेकड्या, दगडखाणी आणि गावठाणं. १९८६ साली राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यात एक त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन, हेक्टरी एक रुपया इतक्या नाममात्र भाड्याने, ऐंशी वर्षांसाठी. पुन्हा वाचा: हेक्टरी एक रुपया. त्या बदल्यात घरं बांधायची होती ती दोन मापांची. निम्मी चाळीस चौरस मीटरची, निम्मी ऐंशीची. चाळीस चौरस मीटर म्हणजे साधारण ४३० चौरस फूट. दोघा मित्रांना किंवा नुकती नोकरी लागलेल्या जोडप्याला आरामात पुरेल असं घर. सर्वसामान्यांना परवडावं, हाच योजनेमागचा हेतू होता.

प्रत्यक्षात काय उभं राहिलं ते आपण बघतोच. मेधा पाटकर यांच्यासह काही जण जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. लहान घरं कागदावर वेगवेगळी आणि प्रत्यक्षात जोडून मोठी झाली, हा त्यातला कळीचा मुद्दा. आपण नियम मोडलेले नाहीत, असं विकासकाचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ठरलेल्या मापाची तीन हजारांहून अधिक लहान घरं आधी बांधा, मग बाकीचं बांधकाम. त्यानंतर पुढे वर्षानुवर्षं या विषयावर कागद हलत राहिले.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी ‘हा एरिया फॅमिलीवाल्यांसाठी आहे’ असं ठासून सांगतं, तेव्हा ते वाक्य जरा तपासून बघावंसं वाटतं. पवईची श्रीमंती ही काही निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हे. ज्या जमिनीवर लहान माणसाचं लहान घर व्हायचं होतं, तिथेच आज त्या माणसाला गेटवर ‘बॅचलर नॉट अलाउड’ वाचावं लागतं. तुम्ही चौघं मिळून जो हॉल, दोन बेडरूम आणि एक बाल्कनी वाटून घेता, ती सगळी धडपड त्या न मिळालेल्या ४३० चौरस फुटांची आहे.

सोसायटीवाल्यांची बाजू आहेच, आणि ती सगळीच खोटी नाही. रात्री दोनला ब्लूटूथ स्पीकर, कॉरिडॉरमध्ये पिझ्झाचे खोके, पार्किंगमध्ये कुणाच्याही जागेत लावलेली बाइक. वरच्या मजल्यावर आजोबांना झोप नाही आणि खाली तुमचा वाढदिवस. हे करणाऱ्यांनी आधी आरशात बघावं. त्यांच्यामुळे पुढच्या बॅचची दारं बंद होतात. पण आवाजाला दंड लावा, पार्किंगला दंड लावा, तो कुटुंबांनाही लागू करा. लग्न झालंय की नाही यावरून माणूस शांत आहे की गोंगाटी हे कसं ठरवणार? ज्यांना चार पोरं आणि दोन कुत्रे आहेत ती फॅमिली शांतच असते असं थोडंच आहे? मुलींच्या बाबतीत तर हे आणखी पुढे जातं. कोण आलं, किती वाजता आलं, भाऊ की मित्र, याची वही वॉचमनकडे. वॉचमनकाकांवर राग काढू नका, त्यांना तसं सांगितलेलं असतं. आणि ते स्वतः फुलेनगरात किंवा तुंगा गावात कुठल्या खोलीत किती जण राहतात, तेही कधीतरी विचारा.

सोसायटीला काय अधिकार आहेत, हेही माहीत असू द्या. भाडेकरू ठेवल्याचं मालकाने सोसायटीला कळवणं, कराराची प्रत देणं, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरणं, हे रास्त आहे आणि करायलाच हवं. पोलिसांकडची माहिती ऑनलाइन भरता येते. ती चौघांची भरली आहे ना, हे मालकाला विचारून घ्या. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो ‘नॉन-ऑक्युपन्सी’ आकार घेते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१चा आदेश आहे. तो मालकाने भरायचा. ‘बॅचलर चार्जेस’ म्हणून महिन्याला दोन-पाच हजार कुणी मागत असेल तर पावती मागा. पावतीवर काय लिहायचं, याचा विचार करताना बऱ्याच कमिट्यांचा उत्साह मावळतो.

यात सरकारनेही हात वर केलेले आहेत. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा आणला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये, असं त्यात आहे. आपल्या उदाहरणात तीन लाखांऐवजी एक लाख वीस हजार, म्हणजे डोक्यामागे तीस हजार. पण घरभाडं हा राज्यांचा विषय. राज्यांनी तो स्वीकारला तरच उपयोग. विद्यार्थी संघटना फीवाढीवर मोर्चे काढतात, योग्यच करतात. डिपॉझिटवर मात्र कुणी कधी एक निवेदनसुद्धा देताना दिसत नाही. शहरात शिकायला येणाऱ्याला फीइतकाच, कधी फीपेक्षाही जास्त, खर्च छपराचा असतो. कॉलेजांनी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही की हात झटकायचे आणि मुलांनी एजंटच्या मागे फिरायचं, हे किती वर्षं चालणार? निदान प्रत्येक मोठ्या कॉलेजात भाडेकरार वाचून दाखवणारा, चार ओळी समजावून सांगणारा एक माणूस जून-जुलैचे दोन महिने बसवायला काय हरकत आहे? विधी महाविद्यालयातली मुलं हे काम आनंदाने करतील, त्यांना सरावही होईल.

आणि एक गोष्ट, जी एजंट कधीच सांगणार नाही. मतदार यादीत नाव नोंदवायचा जो फॉर्म ६ आहे, त्यात पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदवलेला भाडेकरार चालतो. म्हणजे करारावर नाव असलेला मित्र पवईचा मतदार होऊ शकतो. ‘गेस्ट’ म्हणून राहणाऱ्या तिघांपाशी मात्र हा कागदच नसतो. तलावातली जलपर्णी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरचं ट्रॅफिक, कांजूरमार्ग स्टेशनला जायला न मिळणारी बस, याची सगळ्यात जास्त झळ भाड्याने राहणाऱ्या पोरांनाच लागते. नगरसेवकाच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेलं की समोरचा माणूस आधी संगणकावर यादी उघडतो आणि विचारतो, नाव सांगा.